उजवा कळा पडला नाही

बोट किल्ल्याच्या बाहेर उभी होती आणि आम्हाला तिच्यापर्यंत नेणारा पडाव मालवणच्या वाळूला टेकून डुलत होता. माझी पत्र्याची ट्रंक दादाने आधीच आत ठेवली होती. मी सोळा वर्षांची, पहिल्यांदाच गाव सोडून मुंबईला निघालेली. रिवाजाप्रमाणे बाबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवाक इसरू नको गो." त्या हाताचा अंगठा मला केसांतून जाणवला आणि सर्वांगावर शिसारी आली. बापाचा हात, मायेने ठेवलेला, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला. पडावात बसल्यावर मी समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन कपाळ आणि केस धुतले. दादाला वाटलं, मला ऊन लागलं.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, तीही पोचवायला आली होती. भाकरी आणि सुकटीची किसमूर बांधलेलं फडकं तिने माझ्या हातात दिलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "खुशाल आसंय, असां लिवू नको. खरां लिव." मग ती पाण्यापासून लांब सरकली, कारण लुगडं भिजलं तर तसंच घरापर्यंत चालावं लागलं असतं. पडावात खरी जागा तिची होती. तिच्या जागेवर बसून मी चालले होते, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तिला दर महिन्याला एक कार्ड टाकलं आणि प्रत्येक कार्डावर लिहिलं, मी खुशाल आहे.

आता आपल्या मुंबईकर मंडळाला उमाळा आला आहे. गावातलं बंद पडलेलं समाजकेंद्र रंगरंगोटी करून पुन्हा उघडायचं ठरलं आहे, त्याची स्मरणिका निघणार आहे. मंडळाचे चिटणीस माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आले. विषयसुद्धा ठरवूनच आणला होता: 'तरुणांच्या विकासात व कौटुंबिक जीवनात आपल्या केंद्राचे स्थान'. "बाई, तुम्ही केंद्राच्या पहिल्या विद्यार्थिनी. दोन गोड शब्द लिहा," म्हणाले. जाता जाता सांगून गेले की दारावरच्या संगमरवरी पाटीवर गावचे मानकरी कैलासवासी तात्या यांचं नाव घालतोय. दुपारचा डबा मी उघडलाच नाही. गोड शब्द हवे होते तर हलवायाकडे जायचं, माझ्याकडे कशाला आलात?

तर गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, केंद्राचं स्थान सांगते.

केंद्र बांधलं ते श्रमदानाने. चिरे बापयांनी वाहिले, खाडीची वाळू बायकांनी. तात्यांनी काय वाहिलं म्हणाल तर नारळ. पायाभरणीला एक फोडला आणि अर्धा घरी नेला. मग केंद्र चालवायला सरकारकडून बाई आल्या, फोंडाघाटाच्या वरच्या अंगाच्या, कोल्हापूरकडच्या. पहिले पंधरा दिवस पदर नाकाला लावूनच हिंडत, कारण आमच्याकडे वाऱ्यालाही मासळीचा वास. महिन्याभराने वहिनीच्या हातचा माशांचा तिखला खाऊन बोटं चाटली आणि पदर खाली आला. चप्पल घालून देवळासमोरून जायच्या म्हणून तात्यांच्या कपाळाला जी आठी पडली, ती मात्र कधी उतरली नाही.

त्या एका खोलीत काय काय चालायचं! सकाळी लहान पोरं गाणी म्हणायची. तुळईला झोळी टांगून बाई तान्ह्यांची वजनं करायच्या, आणि ज्याचं वजन घटलं त्याच्या आईला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायच्या, चारचौघींत कधी नाही. संध्याकाळी पोरगे व्हॉलीबॉल खेळायचे. जाळं मच्छीमारांच्या पोरांनी जुन्या दोराचं विणलेलं, आणि ते विणणारे तेच म्हणून मानकरी घरांतल्या मुलांना त्यांच्याबरोबर खेळावंच लागलं. आणि दुपारी, पुरुष लवंडले की, बायकांचं शिवण आणि अक्षरं. शिवणयंत्र एकच होतं. त्याच्यावर पाळी येईपर्यंत पाटीवर लिहायचं, असा बाईंचा नियम. यंत्राच्या ओढीने आलेल्या बायका अशा लिहायला शिकल्या. वहिनी सगळ्यांत पुढे. मला सातवीपर्यंत शाळा झालेली, म्हणून मी बाईंच्या हाताखाली पाट्या तपासायची.

अक्षरांचं एवढं काय, असं हल्लीच्या पोरींना वाटेल. तेव्हा घराघरातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत, आणि त्याची पत्रं वाचायचे तात्या. मानकरीच ते. पडवीत पानाचा डबा घेऊन बसायचे, मोठ्याने वाचायचे, आणि नवऱ्याने बायकोला लिहिलेलं अर्धी वाडी ऐकायची. मध्येच थांबून एखाद्या वाक्यावर हसायचे. पानाची लाल पिंक कधी कधी कागदावर उडायची. उत्तरही तेच लिहायचे. बाई उंबऱ्याआड उभी राहून सांगणार आणि तात्या लिहिणार. काय लिहिलं ते तिला कसं कळावं?

दादा गिरणीत नवा, तीन वर्षं त्याला घरी यायला रजाच मिळाली नाही. वहिनी तीन वर्षं पत्रातून सांगत होती, "माका मुंबयक व्हरा." माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून घरात बायकामाणसं आम्ही दोघीच. शेत, गुरं, देवळाची झाडलोट, सगळं वहिनीच्या पाठीवर. दादाचं उत्तर यायचं, तात्या ते वाचायचे, "अजून जागेची सोय नाही. बघू." वहिनी मान खाली घालून चुलीकडे जायची.

वाचता यायला लागल्यावर एका दुपारी तिने बाबांची पेटी उघडली आणि दादाची जुनी पत्रं काढली. मला वाचता येत असलं तरी त्या पत्रांना बाबांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. बोट ठेवून, अक्षर जुळवत वाचत गेली. मी शेजारीच तांदूळ निवडत होते. तीन वर्षांत दादाने चार वेळा लिहिलं होतं, खोली मिळाली आहे, तुला घेऊन येतो. आणि शेवटच्यात लिहिलं होतं, 'तुझी यायची इच्छा नाही असे तात्या कळवतात, तर मी जुलूम करणार नाही.' वहिनी रडली नाही. तिने ते पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. "तीन वर्सां ते माका बोलवतत," ती म्हणाली, "आणि माकाच ठावक नाय गो!"

तिने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पाच ओळी. दादाचं उत्तर आलं, शिमग्याला येतो, तयारीत राहा. ही बातमी विहिरीवर गेली आणि आठवड्याभरात पाच-सहा घरांतल्या पेट्या उघडल्या. सगळीकडे तेच निघालं. सुना मुंबईला गेल्या तर शेतं कोण लावणार, म्हाताऱ्यांना पेज कोण देणार, म्हणून घरच्यांचं आणि तात्यांचं संगनमत होतं. आमच्या घरचं संगनमत कोणाचं होतं, हे वेगळं सांगायला नको. बाबांनी एवढंच केलं की तात्यांनी वाचलेलं ऐकून घेतलं आणि पत्रं पेटीत ठेवली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशी देवळात सभा भरली. "बायलमाणसांनी शिकान काय मामलेदार होवचा आसा?" तात्या म्हणाले. "घरां फुटाक लागली. देवाकच इचारूया." आणि केंद्र चालू ठेवून सुनांना गाव सोडू द्यायचं की नाही यावर कौल लावायचं ठरलं. आपल्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला कौल लागतो. देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना पाण्याने फुलांचे कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. कळे लावायचा मान गुरवाचा. गुरव म्हणजे माझे बाबा.

फुलं निवडून, धुऊन तबकात मी ठेवली होती. त्या सकाळी बाबांनी परसातला कोवळा फणस कापला. भाजीसाठी, म्हणाले. पण कापून तसाच टाकला आणि हात न धुता देवळात गेले. मी सभामंडपाच्या खांबाला टेकून उभी होते. त्यांनी डावा कळा धोतराला पुसून कोरडा केला आणि नुसता टेकवला. उजवा मात्र अंगठ्याने दाबून, दाबून बसवला. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि तो शब्द पुरा व्हायच्या आत डावा कळा पडला. "डावो इलो!" कोणीतरी ओरडलं. बाई मंडपाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी चप्पल पायात घातली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप लागलं, पंधरवड्यात बाईंची बदली झाली.

पण खरी मजा पुढेच. उजवा कळा पडेचना. कौल झाल्यावर तो आपसूक गळून पडतो, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. कळा सुकला, काळा पडला, त्याला मुंग्या लागल्या, तरी देवाला चिकटलेला. रोज सकाळी गावचे बापये दर्शनाला यायचे, त्या कळ्याकडे बघायचे, हात जोडायचे आणि जायचे. एकानेही, गावातल्या एकाही पुरुषाने तोंड उघडलं नाही. व्हॉलीबॉल खेळणारे ते तरणेबांडही नाही. मला तात्यांची जेवढी किळस आहे त्याहून जास्त त्या जोडलेल्या हातांची आहे.

पाचव्या दिवशी बाबा देवळातून घरी आले. मला म्हणाले, "तेल हाड गो वायच. कळो पडना नाय." फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही. करवंटीत खोबरेल ओतून मी ते त्यांच्या हातात दिलं. का, म्हणून विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते गेले.

शिमग्याला दादा आला. त्याने सगळी हकीगत ऐकली. दादा देवभोळा. वहिनीला म्हणाला, "देवाचो शब्द मोडून तुका कसो व्हरू?" मग बाबांनी तोडगा काढला: सून घराची, ती घरात राहूदे; चेडू आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणारच, तर मुंबईला रांधायला तिला ने. दादाने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते, चीक, एवढा एकच, तर तो वहिनीला घेऊन गेला असता. मला मुंबई बघायची होती. शिकायचं होतं. मी मान हलवली.

इथे परळला आमच्या चाळीमागे कामगारांच्या मुलांसाठी एक केंद्र होतं. स्टोव्ह विझवून, दादाला सेकंड शिफ्टचा डबा देऊन मी तिथे क्लासला जायची. शिवण, इंग्रजी, वाचनालय. तिथल्या जोरावर मॅट्रिक झाले, ट्रेनिंग झालं, आज म्युनिसिपालिटीच्या शाळेत आहे. तिथे कोणी कौल लावला नाही. केंद्र माणसाला काय देतं, ते मी असं अंगावर घेऊन हिंडते, आणि त्यातला प्रत्येक धागा वहिनीच्या वाट्याचा आहे.

तिकडे केंद्रात तात्यांनी नारळाची सोडणं भरली. पावसात ती कुजायची. एकदा गणपतीला मी गेले होते तेव्हा खिडकीतून डोकावले. ज्या तुळईला झोळी टांगायचे तिथे वटवाघळं लोंबत होती आणि आतून असा आंबूस, कुबट वास आला की मी तिथेच ओकले. वहिनीने पाठीवरून हात फिरवला. तोपर्यंत तिने मागीलदारी, माडाखाली, दुपारच्या बायका बसवायला सुरुवात केली होती. अजून बसवते. बाबांनी आडकाठी केली तेव्हा म्हणाली, "देवान केंद्र बंद करूक सांगल्यान, मागीलदार नाय." आज गावात बायका आपलं पत्र आपण वाचतात ते त्या मागीलदारामुळे. चिटणीस, पाटी लावायचीच तर तिथल्या माडाला लावा.

बाबा गेले, तात्या गेले. दादा आता वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा घरी जातो, आणि तो परतीच्या पडावात चढताना वहिनी वाळूत उभी असते. मागच्या पत्रात तिने मला लिहिलं, देवालाच नको होतं, मग माणसाला कशाला दोष द्यायचा? ते वाक्य वाचल्यापासून मला माझ्या हातचं गोड लागेना. मला लोक विचारतात, घर कुठलं. परळ म्हणू की गाव म्हणू? ज्या दारात उभं राहून डोळ्याला डोळा देता येतो ते घर, आणि असं दार मला अकरा वर्षं नाही.

चिटणीस, हा लेख छापा किंवा फाडा. छापलात तर एक करा. गावात तो पडवीत बसून कोणी कोणाला वाचून दाखवू नका. वहिनीच्या हातात द्या. ती बोट न ठेवता वाचते आता.

वयनी, ह्या येळेक खुशाल म्हणान लिवक नाय. देवान तुका नको म्हणूक नाय गो. उजव्या कळ्याक फणसाचो चीक होतो. बाबांका तेल मियां हाडून दिलंय.