काटे काढलेला घास

धाकट्याला दात येत होते, तेव्हा मी दिवसभर कुणा ना कुणावर खेकसत असायचे. त्या दुपारी तो माझ्या कडेवर किरकिरत होता आणि थोरली तोंडात घास धरून ढिम्म बसली होती. नवरा कामाला मुंबईत. फोनवर सासूबाईंचे सल्ले संपेनात, म्हणून मी फोनच ठेवून दिला. थोरलीसाठी बांगड्याचे काटे काढता काढता माझा भात गारढोण झाला होता.

तेवढ्यात शेजारीण आपल्या लेकराला घेऊन आली. आता हीसुद्धा चार गोष्टी ऐकवणार, असं वाटून मी आधीच फणफणले, "तू तरी माका काय शिकवू नको गो!"

तिने लेकराला खाली सोडलं, हात धुतले आणि माझं ताट पुढ्यात ओढलं. बांगड्याचे काटे एकेक करून काढले, भात कालवला आणि घास माझ्या तोंडापुढे धरला.

"आधी तोंड उघड."

मी मुकाट्याने उघडलं. थोरली बघतच राहिली. तोंडात धरलेला घास कधी गिळला, हे तिलाही कळलं नाही.

"आयेक पण काटे लागतत?" माझ्याकडे बोट दाखवून तिने शेजारणीला विचारलं.