तांब्याच्या कांड्या
वाटूरच्या मिस्त्रीमामांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. रॉकेलचा वास आला की जालन्याचं वर्कशॉप आठवतं; मामा तिथं मिस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. कॉलेजातले एक सर संशोधनासाठी आमच्या मशिनवर, रॉकेलात बुडवलेल्या पोलादाला तांब्याच्या कांड्यांतून निघणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी भोकं पाडायचे. त्यात त्या कांड्या किती झिजतात, ते त्यांना वजन करून बघायचं होतं. मी मात्र रोजच्या सवयीनं त्या पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करून ठेवल्या. घासल्यानं त्यांचं वजन घटलं, सरांची महिन्याची मेहनत गेली. "कुणी घासल्या?" सर ओरडले. सातवीत शाळा सोडलेला मी, नोकरी जाईल म्हणून गप्प. "म्याच घासल्या, सर. हाताची खोड, जात न्हाई," मामा म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. आज परमुलखात मशिन चालवतो, ते त्यांच्यामुळंच. एक दिवस मामांना घेऊन त्या सरांकडं जाईन आणि सांगेन, "सर, त्या मी घासल्या होत्या."