खाणीवरची हाळी

"बाईंसमोर खाणीचं नाव काढू नकोस," असं आमच्या ह्यांनी जीपमध्ये चढण्याआधी मला बजावलं. बाई म्हणजे ह्यांच्या साहेबांच्या पत्नी. हे उस्मानाबादच्या कचेरीत कारकून. साहेबांच्या घरच्यांनी सहलीला सोबत न्यावं, याचंच ह्यांना केवढं अप्रूप. मी मान डोलावली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि नव्या सुनेची मान डोलवायलाच असते.

जायचं होतं येरमाळ्याच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरावरच्या नव्या विश्रामगृहात. तिथं उन्हाळ्यात गार वारा असतो, मोठं तळं आहे, म्हणून पार सोलापूरहून माणसं येऊ लागली होती. मी तिथंच जन्मले. तेव्हाही वारा एवढाच गार होता, पण त्याच्यासाठी कोणी येत नसे. काळा दगड फोडायला येत. निजामाच्या राज्यात तिथं झोपड्यांच्या रांगा होत्या, देऊळ होतं, मशीद होती, मंगळवारचा बाजार भरायचा. माझे वडील सुरुंगाला बत्ती द्यायचे. पोलीस ॲक्शननंतर ठेकेदार निघून गेला, खाण बंद पडली, आणि आम्ही बेंबळीला मामाकडं आलो. आईवडील तिथंच वारले. आपल्याला आता माहेर उरलं नाही, असं मी धरून चालले होते.

विश्रामगृहापुढं कड्याला कठडा बांधला होता. खाली खाणीच्या खड्ड्यात निळंशार पाणी. "निसर्गाची करणी बघा," बाई म्हणाल्या. चौकीदारानं सांगितलं, इथून हाळी दिली की समोरच्या डोंगरातली परी ओ देते. बाईंनी "कूऽऽ" केलं. ह्यांनीही केलं, बाईंपेक्षा जरा हळू.

म्हणे निसर्गाची करणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या खड्ड्यात माझ्या बापाची दोन बोटं गेली होती. "तुम्हीही ओरडा ना, लाजता कशाला?" बाई मला म्हणाल्या. मग मी ओरडले. वडील त्याच कड्यावरून ओरडायचे तसं, छाती भरून, तीनदा. "बत्ती दिली होऽऽ."

परीनं ओ दिली. पण खाली तळ्याकाठी शेंगा विकणारा एक म्हातारा टोपली टाकून दगडाआड पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. बाई खदखदून हसल्या. "केवढा भित्रा आहे." हेही हसले, अर्थात.

मला हसू येईना, कारण म्हातारा उठत नव्हता. का उठत नाही, ते वर उभ्या असलेल्यांत मला एकटीलाच माहीत होतं. बत्ती दिली आणि बार उडाला नाही, तर ती सगळ्यांत वाईट वेळ. बार फसलाय की अजून उडायचाय, ते कळत नाही. मग बत्ती देणारा स्वतः जाऊन बघतो आणि 'मोकळं' अशी हाळी देतो. तोवर कुणी मान वर करायची नसते. एकानं केली होती. त्याची बायको पुढं वर्षभर आमच्याकडं जेवायची.

"चला, चहा झाला असेल," हे माझं कोपर धरून म्हणाले. ह्यांच्या ध्यानात काहीतरी आलं होतं. मी गप्प बसले असते, तर एका बाईच्या ओरडण्यानं म्हातारा दचकला, एवढ्यावरच भागलं असतं. दुसरी हाळी दिली, की मी कोण ते लपणार नव्हतं.

मी कोपर सोडवून घेतलं आणि ओरडले, "मोकळं होऽऽ, मोकळं."

म्हातारा उठला. आणि तो एकटाच नाही. माळी रांजणाआडून उठला, झाडणारी बाई पायऱ्यांखालून निघाली, विश्रामगृहाचा खानसामा खालच्या स्वयंपाकघराच्या दारात गुडघे झटकत उभा राहिला. सगळे वर बघत होते. खाण बंद पडली होती, पण वस्ती गेली नव्हती. पाहुण्यांच्या चहापाण्याला लागली होती, इतकंच.

"कुणाची गं तू?" झाडणाऱ्या बाईनं खालून विचारलं.

"बत्तीवाल्याची," मी म्हणाले.

साहेबांच्या बाईंनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे बुटांकडं बघत होते. "हे माझं माहेर आहे," मीच त्यांना सांगितलं. "आणि हे तळं निसर्गानं नाही केलं. आमच्या माणसांनी केलंय." आणि पायऱ्या उतरले.

खाली म्हाताऱ्यानं आधी मला सांडलेल्या शेंगा गोळा करायला लावल्या, मग चांगलं झापलं. "ती हाळी खेळायची न्हाय, पोरी. माणसं मरत्यात. बापानं एवढं बी शिकिवलं न्हाय व्हय?" चुकलं म्हणून मी त्याच्या पाया पडले. खरंच चुकलं होतं. किती वर्षांनी कुणीतरी मला हक्कानं रागावलं होतं; माझे डोळे भरून आले.

"माहेरवाशीण तशीच जाती व्हय? बस खाली," म्हणत झाडणाऱ्या बाईनं आपल्या खोलीपुढं भाकरी-ठेचा वाढला. वर जीपचा भोंगा वाजला. हे कठड्याशी येऊन हातानं खुणा करू लागले. भोंगा पुन्हा वाजला. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.