दारूच्या दुकानापुरता आंधळा

नंदुरबारच्या बसस्टँडकडे जाताना रस्त्यात एक गृहस्थ डोळे घट्ट मिटून उभे होते. "भाऊ, मन्हा हात धर, पुढला खांबलगून सोडी दे," ते म्हणाले. आंधळ्याला मदत करतोय, या आनंदात मी त्यांना जपून नेलं. खांब येताच त्यांनी डोळे उघडले आणि लांबूनच बसची पाटी वाचली, "रनाळे! गाडी लागनी!"

मी चिडलो. तर म्हणाले, "डोया चांगला शेतस रे. पाय हरामखोर शेतस! मधलं दारूनं दुकान दिसनं का तिकडेच जातस."

ते मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर कामाला होते. त्यांचा हात धरला की मी पुढची दहा मिनिटं शिंकत असे. तरी रोज संध्याकाळी न्यायचो, कारण एकदा ते हळूच बोलून गेले होते, "दोन महिना व्हयनात. पोरगी आते मन्हाजोडे जेवाले बसस."

एक दिवस मी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, की काल भलत्याच माणसाने त्यांचा हात धरला आणि थेट दुकानात नेलं. वास आला तसे यांनी डोळे उघडले आणि उलट त्यालाच ओढत बाहेर काढलं.

"मग तो गेला कुठे?" मी विचारलं.

त्यांच्या मागे, त्यांचा शर्ट धरून, एक जाडजूड माणूस डोळे गच्च मिटून उभा होता. मी दोघांना घेऊन निघालो. दुकानासमोर आलो तसा मागून रडवेला आवाज आला, "हळू चाल भाऊ, मन्हा पहिला दिन शे."