कडब्याच्या सावलीतली ठिणगी

दुष्काळात मी गावच्या सोसायटीचा सचिव होतो आणि सोसायटीच्या चारा डेपोची राखण माझ्याच डोक्यावर होती. एका दुपारी माझी जुनी फटफटी डेपोसमोरच बंद पडली. गावात सावली उरली होती ती कडब्याच्या गंजीची, म्हणून गाडी ढकलत तिथंच नेली.

निरोप धाडल्यावर सिरसाळ्याहून मिस्त्री आले. प्लगला ठिणगीच येत नव्हती. त्यांनी पेट्रोलच्या चिंधीनं ठिणगी पाडणारे पॉइंट पुसले, प्लग काढून वायरीसकट माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "इंजिनाला टेकवून धरा. ठिणगी येते का बघू." मग ते किका मारत राहिले.

"कावून येईना?" मी खेकसलो.

त्यांनी काचकागदानं पॉइंट घासले आणि पुन्हा किकवर पाय ठेवला. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. ओली चिंधी माझ्या पायाशी पडली होती आणि डोक्यावर अख्ख्या गावच्या जनावरांचा वाळका कडबा होता. 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं. तोवर किक बसली. निळी ठिणगी चट्कन उडाली.

"आली की!" मिस्त्री हसले.

मी नुसतं वर बोट केलं. त्यांनी गंज पाहिली, चिंधी पाहिली आणि ते मटकन खाली बसले.

"भाऊसाहेब, जरा पाणी पाजा."

डेपोतलं पिंप कोरडं होतं. टँकर परवा येणार होता.