आवळीखालचा पहिला घास

मी खामगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, बाहेरची बाधा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाते... इतका मला त्याचा कंटाळा आहे. तरी आज लिहितेय. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तोंडातून अवाक्षर काढत नाही. नावं बदलली आहेत.

खामगावच्या माणसाला सहलीला जायचं म्हटलं की जनुन्याचा तलाव, नाहीतर बोथ्याचं जंगल, आणि फारच हौस असेल तर लोणार. आमच्या घरासाठी मात्र वेगळीच जागा होती. बुलढाण्याच्या रस्त्याला, जंगल लागायच्या जरा अलीकडे आमचं शेत. शेताच्या कडेने नाला आणि नाल्याच्या काठावर एक आवळीचं झाड. कार्तिकात गल्लीतल्या सगळ्या बायका टेम्पोत बसून तिथे आवळी भोजनाला जायच्या. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वर तुपाची धार, झणझणीत वांग्याची भाजी आणि खीर! पोरं नाल्यात, पुरुष पत्त्यांत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी पहिल्यांदा गेले आणि त्या जागेच्या प्रेमातच पडले.

एक रीत होती. कुणाचंही पान वाढायच्या आधी माझ्या सासूबाई एका छोट्या चांदीच्या वाटीत खीर घेऊन पहिला घास झाडाच्या मुळाशी ठेवायच्या. मला वाटायचं, झाडाची पूजा असेल. पुढे कधीतरी नवऱ्याने सांगितलं. त्याच्या आधी सासूबाईंना एक मुलगी झाली होती. तिचं उष्टावण ठरलं होतं, मामाने त्यासाठी ही चांदीची वाटीही आणून ठेवली होती... आणि त्याआधीच तापाने ती गेली. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत. नाल्याच्या काठी पुरलं आणि वर सासूबाईंनी आवळी लावली. अन्नाची चव न घेताच गेली, म्हणून दरवर्षी पहिला घास तिचा.

तो खड्डा खणला होता प्रकाशकाकांनी. काका म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर. तेव्हा ते नुकतेच कॉलेजात जायला लागले होते. म्हणजे खाली कोण आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सासरे गेल्यावर वाटणीत नाल्याकडचा तुकडा काकांच्या वाट्याला आला. आणि काकांच्या डोक्यात पिकनिक पॉइंट शिरला. झोके, कारंजं, रंगीत छत्र्या, शहरातल्या लोकांसाठी 'गावरान जेवण'. उद्घाटन त्यांनी नेमकं कार्तिकात ठेवलं. घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, यंदाचं आवळी भोजन आपल्या पॉइंटवरच. तुमी फक्त या."

सासूबाई नेहमीसारखी खीर करून, डबा आणि वाटी घेऊन निघाल्या. आम्ही उतरलो... आणि झाडच नाही! आवळीच्या जागी सिमेंटचा लालभडक बदाम उभा केलेला. सेल्फी पॉइंट. दोन पोरी त्याला टेकून फोटो काढत होत्या.

"भाऊजी, झाड कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"कीड लागली होती वहिनी. आन् तिथून व्ह्यू बी येत नव्हता."

"खाली कोन हाय, ठाऊक हाय ना तुमाले? तुमीच खंदलं होतं."

काका चक्क हसले. "किती वर्सं झाली वहिनी! मातीची माती झाली. चला, जेवाले बसा. लोकं थांबून राह्यले."

सासूबाईंनी वाटी पदरात गुंडाळली. आवाज चढवला नाही. "माही पोरगी उपाशी हाय. तुमी जेवा," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

माझं मात्र डोकं फिरलं होतं. मी विज्ञानाची बाई, पण त्या क्षणी मनापासून तळतळाट दिला — या माणसाच्या घशाखाली घास उतरू नये!

काका पंगतीत बसले. रोडगा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. आणि तोंड वाकडं झालं. "तुरट लागून राह्यलं बे! आवळा कोनं टाकला याच्यात?" ते वाढप्यावर ओरडले. शेजारच्याने त्याच ताटातला तुकडा खाल्ला. छान होता. काकांनी दुसरा घास घेतला आणि भर पंगतीत ओकले.

त्या दिवसापासून काकांना अन्न गेलं नाही. भात, भाकरी, फळ, काहीही असो... तोंडात गेलं की आवळ्यासारखं तुरट आणि लगेच उलटी. पोटात टिकायचं फक्त दूध. पानावर बसले की दुसऱ्याशी बोलायचं भान नसणारा हा माणूस, तान्ह्या लेकरासारखा दुधावर आला. खामगावचे डॉक्टर झाले, अकोल्याचे झाले, दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल! एका डॉक्टरांनी मानसिक आहे म्हणून सांगितलं. मलाही तेच वाटत होतं. मनात अपराध सलतोय, बाकी काही नाही.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. काकू फोनवर रडायच्या, मी "अरेरे" म्हणायचे आणि फोन ठेवून मजेत फोडणी घालायचे. पिकनिक पॉइंट बंद पडला तेव्हा मी घरात शिरा केला होता.

काही महिन्यांनी काका स्वतः आले. ढेरी गेली होती, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. त्यांनी सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

"वहिनी, चुकलं माहं. तो बदाम म्या माह्या हातानं फोडला. तिले सांगा ना, मले एक घास खाऊ दे म्हना."

"म्या काय सांगू? तिले बोलता कुठं येत होतं," सासूबाई म्हणाल्या. मग उठून फडताळातली चांदीची वाटी काढली. "खीर नेऊ तिच्यासाठी. तिचं खाऊन उरलं, त्यातला घास तुमाले देतो. पाहू मंग."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही शेतात गेलो. मी, सासूबाई, काका आणि काकू. बदामाचे तुकडे बाजूला सारले होते आणि आवळीचा बुंधा उघडा पडला होता. सासूबाईंनी वाटी काठोकाठ भरून बुंध्यापाशी ठेवली. आम्ही समोरच्या कडुलिंबाखाली बाजेवर बसलो. वाटी डोळ्यासमोर होती. वारा नव्हता. कुत्रं, मांजर, पाखरू... काही आलं नाही. मी नजर हलवली नाही, कारण मला बघायचंच होतं. काका हात जोडून बसले होते.

"सूनबाई, जाय, वाटी घेऊन ये."

मी गेले. वाटी रिकामी होती.

सांडलेली नव्हती. खालची माती मी बोटांनी उकरून पाहिली, कोरडी ठणठणीत. एक मुंगी नव्हती. वाटी आतून पुसल्यासारखी स्वच्छ होती, फक्त काठावर एका जागी थोडं ओलं होतं. आणि बुंध्याच्या सालीतून कोवळा लालसर फुटवा आला होता. कशीबशी वाटी आणून सासूबाईंना दिली.

काकांनी डोळे मिटून तोंड उघडलं होतं.

सासूबाईंनी वाटीत पाहिलं... आणि हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं तोंडभरून हसताना मी पाहिलं नव्हतं.

"काईच नाई उरलं भाऊजी. पोरीनं सगळी खाल्ली."

"वहिनी, डब्यातली द्या! एवढीशीच द्या..."

"डब्यातली बी तिचीच हाय." त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि उठल्या. काकू ओक्साबोक्शी रडत होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे मागे वळूनही पाहिलं नाही.

काका अजून दुधावरच आहेत. सकाळ-संध्याकाळ शेतात जाऊन त्या फुटव्याला स्वतः पाणी घालतात. घशाचं म्हणाल तर मी मनाचा आजार म्हणून समजूत घालून घेईन. पण ती वाटी? दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत? मुलांना वर्गात 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं शिकवताना हल्ली माझी जीभ अडखळते. त्या वाटीचं कारण मला आजही सापडलेलं नाही. काकांची दया येते का, असंही कुणी विचारेल. नाही येत.

कार्तिक तोंडावर आलाय. परवा सासूबाई सराफ्यातून नवी चांदीची वाटी घेऊन आल्या. जुनीपेक्षा चांगली मोठी. जुनी आहे की घरात, नवी कशाला, मी विचारलं.

"वाढतं लेकरू हाय," त्या म्हणाल्या.