मिठागरातला मोडलेला सोमवार

पेणजवळच्या मिठागरात काळूराम चाळीस वर्षं मीठ पिकवत होता आणि तितकीच वर्षं सोमवारी मासळीला शिवत नव्हता. मीठ धरायच्या आधी पाणी गुलाबी होतं, हे त्याला ठाऊक होतं. का होतं, ते पाण्याचे नमुने न्यायला आलेल्या संशोधक रुचिकाने सांगितलं.

“काका, यात कोट्यवधी जीव आहेत. आर्किया म्हणतात त्यांना. दिसतात बॅक्टेरियासारखे, पण वेगळेच. इतक्या खारात बाकीचे मरतात, हे मजेत वाढतात. त्यांच्या रंगाने पाणी जास्त तापतं, मीठ लवकर धरतं.”

काळूराम हबकला. “जीव? म्हंजे माजं समदं सोमवार मोडलं?”

रुचिका हसली. “दह्यातही बॅक्टेरिया असतात. तुमच्या पोटात तर अब्जावधी आहेत. अन्न पचवायला तेच मदत करतात.”

पुढच्या सोमवारी काळूरामने मीठही सोडलं आणि दहीही. अळणी भाताचे दोन घास खाऊन त्याने ताट बाजूला सारलं. बायको ठमी स्वतःसाठी कोलंबीचं कालवण ढवळत होती.

“आवो, पोटातल्या त्या जीवांना कशाला उपाशी मारताव?” ती म्हणाली. “त्यांनी थोडाच सोमवार धरलाय?”

काळूरामने कालवणाकडे पाहिलं.

“व्हय,” तो म्हणाला आणि ताट पुढे सरकवलं, “त्यांच्यापुरतं वाढ.”